आयत्या वेळचे विषय

ग्रामसभेच्या नोटिशीवरचा पहिला आणि शेवटचा विषय सहसा बदलत नाही. पहिला असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. शेवटचा, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. पहिल्या विषयाला कुणी कान देत नाही. ग्रामसेवक भराभर वाचतो (कागदावर तो आता ग्रामपंचायत अधिकारी झालाय, लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच), दोनचार माना हलतात आणि इतिवृत्त कायम होतं. शेवटचा विषय येईस्तोवर निम्मी मंडळी चपला शोधायला उठलेली असतात.

शिकलेले तरुण आणि राजकारण अशी चर्चा निघाली की मला हा शेवटचा विषय आठवतो. आपल्याकडे शिकलेला तरुण राजकारणात येतो तो आयत्या वेळी. आचारसंहिता लागली, चॅनेलांवर पॅनेल बसली, की ‘चांगल्या लोकांनी राजकारणात यायला हवं’ असे संदेश फिरू लागतात. मतमोजणीचा गुलाल धुतला गेला की तो विषयही धुतला जातो. तोवर कामाचं सगळं ठरून गेलेलं असतं. यादी बंद झालेली, उमेदवार ठरलेले, आराखडा मंजूर, बूथवर कोण बसणार हेही नक्की. राजकारणाला एक पंचांग आहे आणि ते पाहायची सवय शिकलेल्यांना नाही, असं माझं मत आहे. लायकी, प्रामाणिकपणा, पैसा हे मुद्दे खोटे नाहीत, पण ते नंतरचे.

‘शिकलेली माणसं राजकारणात नाहीत’ ही तक्रार तर आता जुनी झाली. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेत दहापैकी जवळपास आठ खासदार पदवीधर आहेत. सरासरी वय मात्र छप्पनच्या आसपास. म्हणजे पदवी सभागृहात केव्हाच पोचली, तरुण मागे राहिले. आणि पदवी पोचल्यामुळे सभागृहाचा कारभार किती बदलला हे ज्याचं त्याने ठरवावं.

सुरुवात मतदार यादीपासून करू. मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आली. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी देशात सुमारे ९६.८ कोटी मतदार होते आणि त्यात १८-१९ वयाचे जेमतेम १.८ कोटी. या वयाची मुलंमुली देशात याच्या दुपटीहून जास्त आहेत. उरलेल्यांना मतदानाचा अधिकार होता, पण त्यांचं नाव यादीत नव्हतं.

नाव का नसतं? आळस हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं स्थलांतरात आहे. शिकलेला तरुण बारावीनंतर गाव सोडतो, पदवीनंतर शहर सोडतो, नोकरी बदलली की भाड्याचं घर बदलतो. मतदार यादी मात्र पत्त्याला बांधलेली. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ असतो. पत्ता बदलला किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८. नाव वगळायला किंवा कुणाच्या नावावर हरकत घ्यायला नमुना ७. नेहमीची चूक अशी होते की गावाकडे नाव असताना माणूस शहरात येऊन पुन्हा नमुना ६ भरतो, कारण ‘नवी नोंदणी’ हे शब्द सोपे वाटतात. त्या अर्जावर ‘माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघात नाही’ असं घोषणापत्र असतं, ते न वाचता खाली सही होते. दुबार नाव तयार झालं. खोट्या घोषणापत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. शिक्षा क्वचितच होते, पण ‘बोगस मतदार’ म्हणून ज्या नावांची बोंब होते त्यात अशी सुशिक्षित नावंही असतात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कुठेही एका ठिकाणी नोंदणी करता येते. संस्थेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, एवढंच.

पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (पात्रता ज्या दिवशीची मोजतात ती) होती. फेब्रुवारीत अठरा पूर्ण झाले की पुढल्या जानेवारीची वाट पाहायची. २०२२ पासून चार तारखा झाल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही देता येतो. पण महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या. तो स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी उचलतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. महाराष्ट्रात २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. दिवाळीत जाग येऊन नाव घातलेल्याचं नाव विधानसभेच्या यादीत आलं, पण नगरसेवक निवडायला उपयोग झाला नाही. प्रारूप प्रभाग यादीवर हरकती मागवतात तेव्हा नवं नाव घालता येत नाही. ‘माझी इमारत चुकून शेजारच्या प्रभागात गेलीय’ एवढंच सांगता येतं. तेही सांगावंच, कारण अख्खी सोसायटी रस्त्यापलीकडच्या प्रभागात जाते ती अशाच वेळी.

शहराबद्दल एक गोष्ट मला अजून पचत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकाचा कारभार होता. राज्यातल्या इतर बहुतेक महापालिकांची तीच गत. त्या चार वर्षांत आपल्या शहरांतल्या पदवीधर तरुणांनी अमेरिकेतल्या निवडणुकीवर जेवढी बोटं झिजवली त्याच्या एक शतांश तरी ‘आमचा नगरसेवक कुठे गेला’ या प्रश्नावर झिजवली का? नगरसेवक नाही हे कित्येकांच्या लक्षातही आलं नव्हतं. खड्डा आधीही होता, नंतरही होता.

आता खास शिकलेल्यांसाठी राखलेल्या मतदारसंघाकडे वळतो. यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण शिकलेल्यांच्या सगळ्या सवयी इथे एकत्र सापडतात.

महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या सात पदवीधर मतदारसंघांच्या. इथे मत द्यायला पदवी लागते आणि ती अर्हता तारखेच्या किमान तीन वर्षं आधी मिळालेली असावी लागते. ही अर्हता तारीख १ नोव्हेंबर. अर्ज नमुना १८ वर करायचा, सोबत पदवी किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. इथवर सोपं आहे. पुढची मेख पुष्कळांना ठाऊक नसते. ही यादी दर निवडणुकीआधी कोऱ्या पाटीवर नव्याने लिहिली जाते. सहा वर्षांपूर्वी तुम्ही नाव घातलं होतं, मतही दिलं होतं, त्याला अर्थ नाही. पुन्हा अर्ज करावा लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर नोटीस निघते, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्जांची मुदत संपते. नेमके दसरा-दिवाळीचे दिवस. त्यामुळे या मतदारसंघांत निवडणूक बऱ्याच अंशी नोंदणीच्या महिन्यातच लढली जाते. ज्या इच्छुकाने शाळा-कॉलेजं, बँका, पतसंस्था पालथ्या घालून अर्जांचे गठ्ठे भरून घेतले, तो प्रचाराला लागण्याआधीच निम्मा निवडून आलेला असतो. पदवीधरांना याचा पत्ता मे-जूनमध्ये लागतो, फलक दिसल्यावर.

बरं, नाव लागलं आणि मतदानाला गेलात. इथे यंत्र नाही, मतपत्रिका आहे आणि पसंतीक्रम आहे. ज्याला पहिली पसंती त्याच्यासमोर १ लिहायचं, मग हवं तर २, ३ असं पुढे. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. ‘एक’ असं अक्षरांत चालत नाही. बरोबरची खूण चालत नाही. १ हा आकडा दोघांसमोर लिहिला तर मत बाद. पहिली पसंती न देता थेट २ पासून सुरुवात केली तरी बाद. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या शाईच्या पेनानेच लिहायचं, खिशातलं भारी पेन बाहेर काढलं की बाद. आणि सही केली तर हमखास बाद, कारण मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण गुप्ततेच्या विरोधात जाते. आता गंमत बघा. आयुष्यभर अर्ज भरून भरून कागद दिसला की खाली सही ठोकायची सवय कुणाला? शिकलेल्यालाच. काहीजण उमेदवाराला उद्देशून मतपत्रिकेवर चार ओळींचा सल्लाही लिहून येतात. फक्त पदवीधर मतदार असलेल्या निवडणुकीत दर वेळी हजारो मतं बाद होतात. लोकशाहीला शिकलेला मतदार हवा असं म्हणणाऱ्याने ही मतमोजणी एकदा पाहून यावी.

कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायची रीतही माहीत असलेली बरी. वैध मतांना दोनने भागायचं आणि एक मिळवायचा. एक लाख मतं वैध ठरली तर ५०,००१. पहिल्या पसंतीत तेवढी कुणालाच मिळाली नाहीत तर सर्वात खालचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती वाटतात, मग त्याच्या वरचा, आणि असंच पुढे. रात्र उलटते, कधी दुसरा दिवस उजाडतो. ज्यांनी फक्त १ लिहून पुढे काहीच लिहिलं नाही त्यांची मतपत्रिका, त्यांचा उमेदवार बाद झाला की, बाजूला पडते आणि उरलेल्या खेळात तिचा उपयोग होत नाही. अटीतटीच्या लढतीत निकाल या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर फिरतो.

या सगळ्याची तालीम कॉलेजात व्हायला हवी होती. ती आपण बंद केली. हाणामाऱ्या झाल्या, खून पडले, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली. पहिला नंबर आला म्हणून प्रतिनिधी! राजकारण म्हणजे परीक्षेचं बक्षीस हा समज तिथेच पक्का झाला असावा. पुढे २००६ मध्ये लिंगडोह समितीने विद्यार्थी निवडणुकांना नियम घालून दिले: उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा, ७५ टक्के हजेरी, वयाची अट. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यात खुल्या निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं, पण कागदावरच. त्यामुळे आपल्या दोनतीन पिढ्यांनी मत मागणं, पडणं आणि पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणं हे शिकून घेतलेलंच नाही. यातलं शेवटचं सर्वात अवघड.

मग शिकायचं कुठे? बूथवर. माझ्या मते शिकलेल्या तरुणाने राजकारणात पहिलं पाऊल टाकावं ते मतदान केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पोलिंग एजंट म्हणून. पक्ष कुठलाही असो.

उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी नमुना १० वर सही करून एजंट नेमतो. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी केंद्रावर हजर व्हावं लागतं, कारण तेव्हा अभिरूप मतदान होतं. निदान पन्नास मतं टाकून यंत्र तपासतात, निकाल काढतात, कागदी चिठ्ठ्यांशी ताळा करतात. मग तीन बटणांचा क्रम येतो: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. चूक होते ती शेवटच्या बटणाशी. सकाळची घाई, बाहेर रांग, आणि केंद्राध्यक्ष क्लिअर करायला विसरतो. ती पन्नास मतं यंत्रात राहतात आणि मतमोजणीच्या दिवशी आकडा जुळत नाही. मग आरडाओरड, ‘यंत्रात घोळ’ असे व्हिडिओ, आरोप. समोर बसलेल्या एजंटाने ‘साहेब, एकूण मतं शून्य दाखवा’ एवढं म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. एजंट आलेच नाहीत तर पंधराएक मिनिटं वाट पाहून अधिकारी त्यांच्यावाचून पुढे जातात. एजंट उशिरा येतो आणि न पाहिलेल्या अभिरूप मतदानाच्या कागदावर सही करून मोकळा होतो.

दिवसभराचं काम कंटाळवाणं असतं. मोबाइल नसतो. समोर यादी, हातात पेन्सिल, आलेल्या मतदारावर खूण करायची. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी असते. त्यातलं नाव सांगत कुणी आलं की कान टवकारायचे. माणूस तो नाहीच अशी खात्री असेल तर आक्षेप घेता येतो. त्यासाठी दोन रुपये भरावे लागतात. हो, दोनच, कागदावर हा दर अजून तसाच आहे. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला हात हलवत परत जायची गरज नाही. त्याने प्रदत्त मत मागावं. ते मतपत्रिकेवर दिलं जातं, वेगळ्या पाकिटात जातं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण पुढे न्यायालयात गेल्यास तो पुरावा असतो. हे माहीत नसल्यामुळे माणसं चिडून घरी जातात आणि समाजमाध्यमांवर लिहितात.

संध्याकाळी, सगळे पेंगुळलेले असताना, दिवसातला सर्वात मोलाचा कागद तयार होतो. नमुना १७सी. या केंद्रावर यंत्रात किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब आणि यंत्रांचे क्रमांक. त्याची प्रत एजंटला मिळते. मतमोजणीच्या टेबलावर यंत्र येतं तेव्हा त्याचा क्रमांक आणि एकूण मतं या प्रतीशी ताडून पाहता येतात. पण निम्मे एजंट चारच्या सुमारास ‘आता काय राहिलंय’ म्हणत निघून गेलेले असतात आणि राहिलेल्यांपैकी काहीजण ती प्रत खिशात घालून घरी नेतात, ती पँटबरोबर धुतली जाते. जो पक्ष साऱ्या केंद्रांच्या प्रती रात्रीत एका टेबलावर गोळा करतो त्याला निवडणूक कळलेली असते. या कामाला वक्तृत्व लागत नाही. आकडे वाचता येणारा, तेरा-चौदा तास बसू शकणारा माणूस लागतो. शिकलेला तरुण इथे खरा उपयोगाचा, आणि इथेच तो सापडत नाही.

‘म्हणजे आम्ही सतरंज्याच उचलायच्या का?’ हा प्रश्न रास्त आहे. कार्यकर्त्याने आयुष्यभर सतरंज्या उचलायच्या आणि तिकीट नेत्याच्या मुलाला, हे आपण सगळ्या पक्षांत पाहतो. पक्षांतर्गत निवडणुका खऱ्याखुऱ्या व्हाव्यात असं भाग पाडणारा कायदा देशात नाही. माझ्याकडेही यावर उतारा नाही. पण तिकिटाचं दार बंद असलं तरी जागांचा हिशेब नीट करावा. महाराष्ट्रातून खासदार निवडले जातात ४८, आमदार २८८. ग्रामपंचायती २८ हजारांच्या घरात, आणि प्रत्येकीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य. लोकसभा-विधानसभेला वयाची अट पंचवीस, इथे एकवीस. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच किंवा सदस्य व्हायला सातवी पास असणं पुरतं. पक्षाचं चिन्हच नसल्याने एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राचा, प्रश्न येत नाही. महिलांना निम्म्या जागा आहेत, आणि शिकलेल्या तरुण मुली राजकारणात सर्वाधिक संख्येने आल्या त्या इथूनच. त्यांचे नवरे ‘सरपंच पती’ म्हणून खुर्चीत बसतात हेही खरं. लग्न होऊन आलेल्या मुलीला राखीव जागेसाठी जातीचे पुरावे माहेरचे, वडिलांकडचे लागतात. ते गोळा करायला सहा महिने लागू शकतात आणि निवडणुकीचा कार्यक्रम मात्र काही आठवड्यांचा असतो. पुन्हा पंचांग.

मोठ्या निवडणुकीत उभं राहणाऱ्यांचे अर्ज छाननीत पडतात तेही अशाच बारीक गोष्टींनी. अपक्षाला दहा सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार) लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, मूळ शाईच्या सहीनिशी पोचला नाही तर उमेदवार अपक्ष धरला जातो, आणि सूचक एकच असेल तर अर्जच बाद. जाणते लोक म्हणूनच एक संच दहा सूचकांसह भरून ठेवतात. सूचकाचं नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत हवं. शपथ अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी घ्यायची. प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तर तसं लिहायचं. विधानसभेला अनामत दहा हजार, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मिळाली की जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि तो लिहायला तीन रंगांचं रजिस्टर: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत निवडणूकबंदी येऊ शकते. पडलेले अपक्ष हे विसरतात, आणि पुढच्या वेळी अर्ज भरायला गेल्यावर त्यांना आपण अपात्र असल्याचं कळतं.

वर पोचल्यावर काय? फार अपेक्षा ठेवू नयेत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराचं मत व्हिपला, म्हणजे पक्षाच्या आदेशाला, बांधलं गेलं. खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, शुक्रवारी दुपारी मांडता येतात. स्वातंत्र्यानंतर त्यातली चौदाच मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरुण, हुशार खासदार म्हणजे बहुधा चांगलं भाषण करणारा खासदार, एवढीच जागा रचनेने ठेवली आहे. म्हणूनच माझा जीव खालच्या पायरीवर जास्त रमतो.

खालच्या पायरीवर पैसा कसा येतो ते पाहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. ४० टक्के अबंधित. दहा लाख आले तर तीन पाण्याचे, तीन स्वच्छतेचे आणि चार लाखांत बाकी गाव. वाचनालय मागायला गेलेल्या पोरांना ‘निधी नाही’ असं सांगितलं जातं तेव्हा विचारायचा प्रश्न एकच, ‘बंधित की अबंधित?’ हा शब्द उच्चारला की समोरच्याचा सूर बदलतो. आणि मागणी करायची वेळ म्हणजे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासूनचे दिवस, कारण पुढच्या वर्षाचा विकास आराखडा त्या हंगामात शिजतो. मे महिन्यात गटार मागितलं तर ते पुढच्या वर्षावर गेलं.

ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा त्याच विषयांना कोरमची गरज नसते. बारा जणांत आराखडा मंजूर होतो, कायदेशीर. म्हणून मुरलेला कारभारी पहिल्या सभेला गर्दी व्हावी यासाठी धडपडत नाही. शिकलेली मंडळी चुकून पहिल्या सभेला आलीच तर ‘कोरम नाही’ ऐकून वैतागून जातात, आणि खरी सभा दुसरी असते हे त्यांच्या गावीही नसतं. आपला विषय आधी लेखी द्यावा, आवक क्रमांकाची पोच घ्यावी, आणि सभेत ठरावाला सूचक-अनुमोदकाची नावं लागली की नाही ते पाहावं. नावं नसली की रजिस्टरात फक्त ‘चर्चा झाली’ एवढंच उरतं. ठरावाची नक्कल दिली नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा महाराष्ट्रात आहे. निबंध लिहिणाऱ्यांचे अर्ज याच कारणावरून परत येतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये १९८९-९० च्या सुमारास एम. कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना गावच्या तरुणांनी सरपंच व्हायला लावलं. पुढे तिथे झालेल्या कामांपैकी सर्वात शिकलेलं काम मला पाण्याचा ताळेबंद वाटतो. पाऊस मोजायचा, गावाला, गुरांना किती पाणी लागेल ते आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. हा हिशेब दर वर्षी करावा लागतो, एकदा करून भागत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. तिथल्या अभ्यासगटाबद्दल कमी बोललं जातं. अभ्यासगटात बाहेरचे शिकलेले लोक येऊ शकतात, वाद घालू शकतात, कायदा समजावून सांगू शकतात. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभा घेते, सर्वसहमतीने, मग कितीही बैठका होवोत. बोलण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवली की शिकलेल्याचं ज्ञान वापरलं जातं आणि त्याची वरचढाई चालत नाही. वाद जिंकला म्हणजे काम झालं असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांना ही व्यवस्था सुरुवातीला जड जाते.

आणि तो पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त. खरं तर नोटिशीवरचा सर्वात ताकदवान विषय तोच. मागच्या सभेत जे बोललंच गेलं नाही ते रजिस्टरात शिरतं ते मधल्या दिवसांत, सह्यांखाली सोडलेल्या मोकळ्या जागेत, आणि ‘कायम’ म्हटलं की ते ठराव होतं. ते रोखायला वकिलाची गरज नसते. ग्रामसेवक वाचत असताना मागच्या रांगेतून कुणीतरी उठावं लागतं आणि म्हणावं लागतं, ‘भाऊसाहेब, थांबा. पाइपलाइन चार इंची ठरली होती, तुम्ही तीन वाचली.’ मग रजिस्टर फिरवून दाखवावं लागतं, दुरुस्ती लिहावी लागते, तिच्यावर सही घ्यावी लागते. हे म्हणायला मागच्या सभेला हजर असावं लागतं.